जंगलाचे शिक्षण कोणाच्या मालकीचे?

मित्रहो, सुरुवात एका मोहाच्या झाडापासून करते.

गेल्या उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात सामूहिक वनहक्क व्यवस्थापनाचे प्रशिक्षण होते. कामानिमित्त मीही गेले होते. प्रशिक्षक शहरातून आलेले, वनशास्त्राची पदवी घेतलेले. माणूस सज्जन होता. त्यांनी सगळ्यांना गावाबाहेरच्या मोहाखाली नेले, टेप काढली आणि छातीच्या उंचीवर झाडाचा घेर कसा मोजायचा ते दाखवले. मग तक्ता वाटला. झाडाचे नाव, घेर, उंची, शेरा. बौद्ध वस्तीतली साठी ओलांडलेली एक मावशी नातवाकडून तक्ता भरून घेत होती. तिने विचारले, "सर, घेर तं लिवला. पण याले फुलं किती येतेत, ते कोठी लिवाचं?"

सरांनी तक्ता उलटसुलट पाहिला. म्हणाले, "तो रकाना यात नाही मावशी. शेऱ्यात लिहा." पोरे हसली, मावशीही हसली आणि प्रशिक्षण पुढे गेले.

जेवताना ती माझ्या शेजारी बसली होती. कोणता मोह एक वर्ष भरभरून फुलतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो, कोणत्या उतारावरचा आधी टपकायला लागतो, झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून घेतला तर रोपटी कशी वाचतात, हे सगळे ती भाताचे घास घेत सांगत होती. हे सारे बोटभर रुंदीच्या 'शेरा' नावाच्या रकान्यात कसे मावणार? भारतातल्या वनशिक्षणाचा दीडशे वर्षांचा इतिहास मला त्या रकान्यात दिसला. घेर मोजणारा शिकलेला आणि फूल ओळखणारी अडाणी, ही वाटणी कोणी केली, कशासाठी केली आणि आज ती कोणाच्या पथ्यावर पडते, याबद्दल हा लेख आहे.

एकाच वर्षी कायदा आणि शाळा

१८६४ साली इंग्रज सरकारने भारतात वनखाते उभे केले. पहिले वनमहानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन होते. जर्मन का? कारण इंग्रजांकडे तेव्हा वनशास्त्राची परंपरा नव्हती, ती जर्मनी आणि फ्रान्समध्ये होती. आणि इंग्रजांना घाई होती रेल्वेची. रुळांखाली स्लीपर हवे होते, त्यासाठी साग, साल आणि देवदार हवा होता. जंगल झपाट्याने तुटत होते आणि ते असेच तुटत राहिले तर पुढच्या स्लीपरना लाकूड मिळणार नाही, ही भीती होती.

१८६५ साली पहिला वन कायदा आला. तो अपुरा वाटला म्हणून १८७८ साली दुसरा, कडक कायदा आला. त्याआधी खात्यातच वाद झाला होता. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचे (स्काऊटवाले वेगळे) म्हणणे असे की नांगराखाली नसलेली सगळी जमीन सरकारची आणि लोक आजवर जे वापरत आले तो हक्क नव्हे, ती सरकारची मेहेरबानी. ब्रँडिस मधला मार्ग सुचवत होते, गावांसाठी वेगळी गाववने ठेवा म्हणत होते. कायदा झुकला तो बेडन-पॉवेलच्या बाजूला. राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन प्रकार कागदावर आले. पहिले दोन वाढत गेले. तिसरे बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले.

आणि त्याच १८७८ साली डेहराडूनला वनशाळा सुरू झाली. एका वर्षात दोन संस्था जन्माला आल्या. एकीने जंगलात जाणाऱ्याला चोर ठरवले, दुसरीने त्या चोराला पकडणारा शिकवून तयार केला. हे दोन वेगळे इतिहास आहेत असे वनशास्त्राची पुस्तके मानतात. मी मानत नाही. कायदा आणि शाळा एकाच पोटची भावंडे आहेत.

या शिक्षणाची उतरंडही पाहा. वरचे अधिकारी आधी फ्रान्स-जर्मनीत, १८८५ पासून लंडनजवळच्या कूपर्स हिलला आणि नंतर ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिंबरोला शिकून येत. त्यात गोरे बहुसंख्य. डेहराडूनची शाळा मुळात रेंजर वगैरे खालच्या अधिकाऱ्यांसाठी, तिथे एतद्देशीयांना जागा. त्याखाली गार्ड, ज्याने काठी घेऊन फिरायचे. आणि सगळ्यांत खाली गावातला माणूस, ज्याने वेठीने लाकूड ओढायचे, वणवा विझवायचा, रोपे लावायची. ज्ञान वर, घाम खाली. चार पायऱ्यांची ही रचना आपल्याला ओळखीची आहे. ती समजायला आपल्याला जर्मन पुस्तक लागत नाही.

त्या काळात हे कोणी ओळखले? महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, गायराने, पडीक राने खात्याने आपल्या घशात घातली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी कायद्याला पाच वर्षे होतात न होतात तोच मांडले. पर्यावरणावर व्याख्याने देणाऱ्या किती जणांच्या तोंडी हे नाव येते?

'शाश्वत' कोणासाठी?

आज प्रत्येक अहवालात 'शाश्वत वन व्यवस्थापन' हा शब्द असतो. ऐकायला छान आहे. त्याची जन्मकथा मात्र कोणी सांगत नाही. १७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी वनशेतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात जंगलाचा टिकाऊ वापर हा विचार मांडला. हे गृहस्थ खाणखात्याचे अधिकारी होते. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागले होते. जितके वाढते तितकेच तोडा, म्हणजे भट्टी कायम पेटती राहील, हा त्या विचाराचा गाभा होता. विचार हुशारीचा होता, यात वाद नाही. पण टिकवायचे होते ते लाकडाचे उत्पन्न.

पुढे जर्मन वनशास्त्राने मिश्र जंगल काढून एकाच जातीच्या, एकाच वयाच्या झाडांच्या रांगा लावल्या. मोजायला सोपे, तोडायला सोपे, हिशेबाला सोपे. पहिली पिढी जोमात वाढली. दुसऱ्या पिढीला जमीन थकली आणि उत्पन्न घसरले. हा धडा त्यांनी त्यांच्या देशात शिकला. आपल्याकडे आला तो धड्याआधीचा भाग.

१९४७ नंतर काही बदलले का? १९२७ सालचा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच वर्षीचा हा कायदा. १९३० साली काँग्रेसने जंगल सत्याग्रह केले, आपल्या विदर्भात पुसदला बापूजी अणेंनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला, त्याचे धडे आपण शाळेत वाचले. मग गवत कापणाऱ्यांच्या हाती राज्य आल्यावर तो कायदा का राहिला? कारण सोपे आहे. मालक बदलला, मालकी बदलली नाही.

१९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ आले. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने उत्पादक वनशेतीचा पुरस्कार केला. मिश्र जंगल साफ करून तिथे साग लावणे याला 'विकास' म्हटले गेले. सागाखाली ना मोह, ना चार, ना तेंदू, ना बेहडा. सरकारी मोजणीत मात्र ते जंगलच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक छत्र असले की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणते, याचा प्रश्न नाही. उपग्रहाला वरून हिरवे दिसले म्हणजे झाले. त्या हिरव्याखाली किती चुली पेटतात, हे उपग्रहाला दिसत नाही आणि शाळेत शिकवले जात नाही.

अडाणी कोण?

आता कोणी म्हणेल, ताई, विज्ञान हे विज्ञान असते, त्याला जात नसते. मान्य. मग विज्ञानाचीच दोन उदाहरणे घेऊ.

पहिले बांबूचे. कर्नाटकातल्या कारवार भागात कागद गिरणीसाठी बांबू तोडला जात होता आणि बांबूची बेटे नष्ट होत होती. खात्याचा ठपका गावकऱ्यांच्या गुरांवर. बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते, ते साफ केले म्हणजे बांबू नीट वाढतो असे वनशास्त्र सांगत होते आणि मजूर ते काटे साफ करत होते. गावकरी म्हणत होते, उलट होतेय, काटे काढले म्हणून कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खातात. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाऊन मोजमाप केले, तेव्हा गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. काटे ही बेटाची कुंपणभिंत होती.

दुसरे आगीचे. इंग्रजी वनखात्याने जंगलातली आग हा शत्रू मानला. ब्रह्मदेशात सागाच्या जंगलात आग पूर्ण बंद केली. काही दशकांनी लक्षात आले की सागाची नवी रोपेच नीट येत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आगबंदीचे धोरण मागे घ्यावे लागले. ज्या फिरत्या शेतकऱ्याला आग लावतो म्हणून खाते हिणवत होते, त्याच्याच शेतात सागाचे बी पेरून घेण्याची 'टाँग्या' पद्धत खात्याने आधीच उचलली होती. ज्ञान त्याचे, श्रम त्याचे, साग सरकारचा आणि शिवी त्याला.

याचा अर्थ लोकांना सगळे कळते आणि शास्त्राला काही कळत नाही, असा मी काढत नाही. तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा झाला. बाबासाहेबांचे लोक आपण, आपल्याला विज्ञान नको असे आपण कधीच म्हणणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी नदीखोऱ्यांचे नियोजन, धरणे, वीज यांचा पाया घातला, तो शास्त्र हाताशी धरूनच. आपले भांडण विज्ञानाशी नाही. विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या मक्तेदारीशी आहे. प्रयोग करून तपासणे हे विज्ञान. कोण बोलतो ते पाहून खरे-खोटे ठरवणे, याला आपल्या देशात दुसरे नाव आहे.

दार कोणासाठी उघडे?

१९६६ साली भारतीय वन सेवा स्थापन झाली. १९८२ साली भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था आली. १९८०च्या दशकात कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी सुरू झाली, आपल्याकडे अकोला आणि दापोलीला वनशास्त्र महाविद्यालये आहेत. चंद्रपूरला वन अकादमी आहे. म्हणजे संस्था कमी नाहीत. प्रश्न आत कोण जातो आणि आत काय शिकतो हा आहे.

एक साधी गोष्ट सांगते. मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. या पदवीवर मी जिल्हाधिकारी होण्याची परीक्षा देऊ शकते, पोलीस अधीक्षक होण्याची देऊ शकते. भारतीय वन सेवेची देऊ शकत नाही. त्यासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र अशा विषयांतली किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. संगणक अभियंता जंगल सांभाळायला पात्र आहे. माणसे, गावे, जाती, जमिनीचे हक्क यांचा अभ्यास केलेला पात्र नाही. ही तांत्रिक बाब नाही. जंगल म्हणजे झाडे आणि जनावरे, माणूस हा त्यातला उपद्रव, हा १८७८ चा विचार या पात्रतेच्या यादीत जिवंत आहे. देशाच्या भूभागाचा जवळपास चौथा हिस्सा ज्या खात्याच्या ताब्यात आहे, त्याचे प्रमुख अधिकारी माणसांचा अभ्यास न करता निवडले जातात.

आरक्षणामुळे आपली मुले-मुली या सेवेत गेली, याचा मला अभिमान आहे. त्यांच्यातले काही जण गावाच्या बाजूने उभे राहतात, त्याची किंमतही मोजतात. पण खुर्चीत बसणारा बदलला म्हणजे खुर्ची बदलते असे नाही. अभ्यासक्रम तोच, वर्दी तीच, गुन्हे नोंदवण्याचे पुस्तक तेच.

खालच्या टोकाला काय आहे? वनरक्षकाच्या भरतीत मुलांना पाच किलोमीटर धावावे लागते. आपली आणि आदिवासी पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना मी रोज पाहते. त्यांना पळता येते का हे तपासले जाते, मोह ओळखता येतो का हे नाही. आणि त्याच्याही खाली हंगामी वनमजूर. वीस-वीस वर्षे रोपवाटिकेत राबलेली माणसे मी पाहिली आहेत. कोणत्या बियाला किती दिवस पाण्यात ठेवायचे हे ती पदवीधराला शिकवतात आणि संध्याकाळी हजेरीवर अंगठा उठवतात. त्यांच्या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही, त्यांच्या नोकरीला कायमपण नाही.

'इतर' म्हणजे आम्ही

२००६ साली वनाधिकार कायदा आला. ऐतिहासिक अन्याय झाला होता हे या कायद्याने प्रस्तावनेतच कबूल केले. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी भांडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. मेंढ्याची आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अभ्यासगट. निर्णय घेण्याआधी गावकरी बसून विषयाचा अभ्यास करतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात, प्रश्न विचारतात. हे वनशिक्षणच आहे. फक्त त्याला इमारत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. गावाने बांबू विकून रोजगार उभा केला आणि तेंदूपत्त्याची तोडणी स्वतःहून बंद केली, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. हातचा पैसा सोडून जंगल वाचवायचा निर्णय गावाने घेतला. 'लोकांच्या हाती जंगल दिले तर लोक तोडून खातील' म्हणणाऱ्यांनी पाचगावला जाऊन यावे.

पण या कायद्यात आपल्यासाठी एक काटा आहे आणि त्यावर आपल्या चळवळीत पुरेसे बोलले जात नाही. कायद्याने दोन गट केले. एक अनुसूचित जमाती. दुसरा 'इतर पारंपरिक वननिवासी'. या 'इतर'मध्ये आपण येतो. पूर्व विदर्भातल्या जंगलातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बौद्ध, बांबूवर जगणारे बुरूड, ढिवर, गोवारी, सगळे 'इतर'. आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवायचा. 'इतर'ने त्याशिवाय तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे. हिशेब करा. १३ डिसेंबर १९३० च्या आधीचा पुरावा.

१९३० साली आपण कुठे होतो? त्या वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांचा सत्याग्रह नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर उभा होता. ज्यांना देवळात पाऊल ठेवू दिले जात नव्हते, त्यांची नावे सरकारी दप्तरात जमिनीसमोर कोण लिहिणार होते? आणि यातली थट्टा पाहा. गावगाड्यात शिवेची राखण महाराकडे होती. दोन गावांचा शिवेवरून तंटा झाला की महाराची साक्ष काढली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची. ते काही सन्मानाचे काम नव्हते, बिनपगारी राबणूक होती, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती, त्याच्या नातवाला आज विचारले जाते, तू या गावात राहत होतास याचा कागद दाखव.

त्या मावशीची फाइल अशीच परत आली आहे. तिच्या सासऱ्याने फोडलेले, तिने चाळीस वर्षे कसलेले दोन एकर. कार्यालयाने शेरा मारला, १९३० पूर्वीचा पुरावा जोडा. नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा आहे, एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरता येत नाही, हे आम्ही लिहून दिले. अजून उत्तर नाही. मोहाच्या फुलांप्रमाणे तिचे आयुष्यही 'शेऱ्यात' गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे कोणी विपर्यास करणार नाही. आदिवासींना मिळाले ते जास्त झाले, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यावरचा अन्याय सर्वांत मोठा आहे आणि त्यांचेही हजारो दावे फेटाळले गेले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या आदेशाच्या टाचेखाली आदिवासी आणि दलित दोघेही होते. त्याच महिन्यात आदेशाला स्थगिती मिळाली, ती टांगती तलवार दोघांच्याही डोक्यावर आहे. भांडण आपसात लावून देण्यात कोणाचा फायदा आहे, हे आपल्याला कळते.

ग्रामसभा आणि बाबासाहेब

आपल्यातले काही मित्र मला विचारतात, तू ग्रामसभेची बाजू घेतेस, पण संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय म्हटले ते विसरलीस का? नाही विसरले. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे, हे त्यांचे म्हणणे मी कामात रोज अनुभवते. ज्या गावात ते प्रशिक्षण झाले, तिथल्या व्यवस्थापन समितीत बौद्ध वस्तीतला एकही माणूस नाही. वनहक्क समितीत दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असा नियम आहे, तो योग्यच आहे. पण दलितांसाठी एकही जागा नक्की नाही. बांबूचे पैसे आले की वस्तीतल्या रस्त्याचा नंबर शेवटी लागतो.

मग काय करायचे? खेडे जातीयवादी आहे म्हणून जंगल खात्याकडेच राहू द्यायचे? 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये १९४७ साली बाबासाहेबांनी जमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामूहिक असावी असे मांडले. काही जण त्याचा आधार घेऊन म्हणतात, म्हणजे सरकारी मालकी चांगलीच. पण त्या मांडणीचा हेतू काय होता? कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ राहू नये, कोणी भूमिहीन मजूर राहू नये. जात-धर्म न पाहता वाटणी व्हावी. वनखाते नेमके उलटे निघाले. तेच जमीनदार झाले आणि गावे त्याची कुळे. बाबासाहेबांना हवे होते ते हक्क कोणाच्या चांगुलपणावर न सोडता कायद्यात लिहून ठेवणे. तेच आपण ग्रामसभेच्या बाबतीत मागायचे. ग्रामसभा हवी, पण आपल्या जागा कायद्याने पक्क्या केलेली ग्रामसभा हवी.

आणि थोडे आपल्याविषयी. जंगल हा आदिवासींचा विषय, पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा छंद, आपला विषय नोकरी आणि शहर, असे आपण फार काळ मानले. बाबासाहेबांनी शहरात जा म्हटले ते खरे. पण जे जाऊ शकले नाहीत, त्यांचे काय? तेंदू तोडताना, मोह वेचताना वाघाच्या हल्ल्यात मरणाऱ्या बायांच्या बातम्या चंद्रपूर-गडचिरोलीत दर उन्हाळ्यात येतात. त्यांत आपल्या आया-बहिणी असतात. त्यांच्यासाठी आपल्या व्यासपीठावर किती ठराव झाले?

मागण्या

टीका करून थांबायचे नाही, म्हणून स्पष्ट मागण्या लिहिते.

१. भारतीय वन सेवेच्या पात्रतेत समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल या विषयांच्या पदवीधरांना प्रवेश द्या. झाडांचे शास्त्र प्रशिक्षणात शिकवता येते, तसेच माणसांचे शास्त्रही सक्तीने शिकवा.

२. वनरक्षकापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या प्रशिक्षणात वनाधिकार कायदा हा परीक्षेचा विषय करा आणि काही महिने ग्रामसभेच्या हाताखाली काम करायला लावा. मूल्यमापन ग्रामसभेने करावे.

३. वनहक्क मिळालेल्या गावांतल्या मुला-मुलींसाठी मराठी, गोंडी, कोरकूतून वन व्यवस्थापनाचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवेत, विद्यावेतनासह. काही ठिकाणी असे प्रयोग सुरू झाले आहेत, त्यांचे स्वागत. पण चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण नव्हे. वर्षानुवर्षे राबलेल्या वनमजुरांचे ज्ञान तपासून त्यांना पात्रता द्या आणि तिथे शिकवायला नेमा.

४. ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्याला खात्याच्या कार्य आयोजनेइतकाच मान द्या. १९९६ च्या गोदावर्मन खटल्यापासून कार्य आयोजनेशिवाय झाड तोडता येत नाही. मग ती आयोजना गावाला वाचता येईल अशा भाषेत का नसावी? आणि तिच्यात लाकडाच्या घेराबरोबर फूल, फळ, पान, चारा, पाणी यांचे रकाने हवेत.

५. 'इतर पारंपरिक वननिवासी' साठीची ७५ वर्षांची अट काढा. ती निघेपर्यंत नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्यांचे जबाब मान्य करा. वनहक्क आणि व्यवस्थापन समित्यांत दलित आणि भटक्या कुटुंबांना, त्यांतही महिलांना निश्चित जागा द्या.

या मागण्या घेऊन आपापल्या तालुक्याच्या कार्यालयात निवेदन द्या. आपल्या वस्तीतल्या वनहक्क दाव्यांची यादी करा. किती दाखल, किती फेटाळले, कोणत्या कारणाने. फेटाळल्याचे लेखी कारण मागा, अपिलाची मुदत चुकवू नका. शिकलेल्या पोरांनी एक रविवार यासाठी द्यावा. 'शिका' याचा अर्थ फक्त पुस्तक नाही. मावशीकडूनही शिका आणि शिकलेले तिच्या कामी आणा.

पुढच्या आठवड्यात मी त्या गावी पुन्हा जाणार आहे. मावशीच्या फाइलला दोन वडीलधाऱ्यांचे जबाब जोडायचे आहेत. आणि मोहाच्या त्या तक्त्यात आम्ही हाताने एक रकाना आखणार आहोत.

जय भीम! जय सेवा!